जागलीवरची चौदा पुस्तकं

आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, शेतीची लाईन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की मी जेवण करून नऊच्या सुमारास वावरात जातो. हरभऱ्यावर स्प्रिंकलर सुरू करायचे, तीन-तीन तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात लावायचे, आणि मधल्या वेळात तुरीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून मचाणावर बसून राहायचं. यालाच आमच्याकडे जागली म्हणतात. आर्णी तालुक्यातलं आमचं गाव जंगलाच्या कडेला आहे. डिसेंबरात तासभर डोळा लागला तरी सकाळी तुरीच्या चार ओळी आडव्या दिसतात.

त्या तीन-तीन तासांच्या तुकड्यांत मी रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका वाचून पुरी केली. चौदा भाग. २०१९च्या नोव्हेंबरात सुरू केली, २०२४च्या फेब्रुवारीत संपली. सुरू केली तेव्हा माझ्या वाचनात सोळा वर्षांचा खंड पडला होता. लहानपणी ‘चांदोबा’ हाती लागला की मला जेवणासाठी तीनदा हाक मारावी लागायची. हायस्कुलात असताना वाचनालयातून नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आणला आणि एका दिवाळीत तो दोनदा वाचला. यवतमाळला बी. ए. करताना ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीनही खंड एका उन्हाळ्यात संपवले. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, वावर माझ्याकडे आलं आणि कादंबरी हा प्रकारच दिवसातून निघून गेला.

आता कॉलेजातले जुने सोबती भेटले की विचारतात, “मले पण एखादी मोठी सिरीज सुरू करायची हाय गड्या, पण चौदा पुस्तकं पाहूनच धसका बसते. कुठून हात घालू?” हे त्यांच्यासाठी लिहितो आहे, आणि ज्यांनी कधीकाळी राक्षस-जादूगारांच्या गोष्टी मनापासून वाचल्या, मग सोडल्या, आणि आता परत यायचं म्हणतात त्यांच्यासाठी.

परत येणाऱ्याची अडचण नवख्यापेक्षा वेगळी असते. आपल्याला आपला जुना वेग आठवतो. विसाव्या वर्षी एका बैठकीत दीडशे पानं व्हायची, आता वीस पानांवर डोळे जड होतात, आणि आपल्याला वाटतं की आपली वाचायची ताकद गेली. ती गेलेली नसते. मीही पहिल्या महिन्यात रात्रीला बारा-पंधरा पानं वाचत होतो. जानेवारीत तीस झाली. म्हणून पहिली सूचना हीच, की पहिला महिनाभर पानं मोजू नका, वेळ मोजा. रोज अर्धा तास, ठरलेल्या जागी. माझी जागा मचाण होती. तुमची एसटीतली खिडकी असेल, नाहीतर पोरं झोपल्यावरची ओसरी.

कोणती मालिका घ्यावी

यावर मी फार फिरवून बोलणार नाही. मी आधी स्टीव्हन एरिक्सन यांची ‘मलाझन’ मालिका उघडली होती. दहा भागांची आहे, पहिला भाग १९९९चा. ती थेट युद्धाच्या मधोमध सुरू होते आणि कोण कोणाच्या बाजूचा आहे हे कुणीही थांबून सांगत नाही. जाणकार तिला फार मानतात, आणि पुढे कधीतरी मी ती वाचणार आहे. पण सोळा वर्षांनी परतलेल्या माणसानं सुरुवात तिथून करू नये. साठाव्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि दोन महिने काहीच वाचलं नाही.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा पहिला भाग १९९६ला आला, पाचवा २०११ला, आणि सहावा हे लिहीपर्यंत आलेला नाही. लिखाण जबरदस्त आहे. पण इतका जीव लावून मधेच उभं राहायचं असेल तर ते आधी माहीत असावं. ज्यांना चौदा भाग नकोच वाटतात त्यांनी ब्रँडन सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ घ्यावी. तिचे पहिले तीन भाग २००६ ते २००८मध्ये आले आणि त्या तिन्हीत एक गोष्ट पूर्ण होते.

मी ‘द व्हील ऑफ टाइम’च सुचवतो. एक तर ती पूर्ण झालेली आहे. १९९०ला पहिला भाग, २०१३ला चौदावा. आणि दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे: ती एका खेड्यात सुरू होते, आणि ते खेडं खोटं वाटत नाही.

पहिल्याच प्रकरणात बाप आणि पोरगा गाडीसोबत पायी चालले आहेत. गाडीला बेला नावाची घोडी जुंपलेली, गाडीत सणासाठी गावात पोचवायची सफरचंदाची दारू. हिवाळा संपायचं नाव घेत नाही. सण उद्यावर आला तरी थंडी हटलेली नाही, लांडगे मेंढ्या उचलून नेत आहेत आणि पेरायचं कसं या विचारानं सगळं गाव चिंतेत आहे. पोराचं नाव रँड. वाऱ्यानं त्याचं सगळं अंगावरचं फडफडतं आहे आणि मागं रस्त्यावर त्याला एक काळा घोडेस्वार दिसतो, ज्याचा अंगरखा त्या वाऱ्यात हलत नाही.

मी हे वाचलं त्याच्या आधीच्या जूनमध्ये आमच्याकडे मृग कोरडा गेला होता. पेरलेलं उगवलं नाही, दुबार पेरणी झाली. बाजाराच्या दिवशी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता आभाळाकडे पाहत होती. रँडच्या गावात नायनीव्ह नावाची एक तरुण वैदू बाई आहे. ती वाऱ्याचा कानोसा घेऊन हवामान सांगते, आणि गावचे मोठे माणसं तिला विचारत राहतात की हिवाळा कधी सरेल. तिचं वय कमी म्हणून काहीजण तिच्यावर कुरकुरतातही. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत काय आलं हे आमच्या बाबांचे सोबती दुसऱ्या दिवशी ज्या आवाजात विचारतात, तोच आवाज मला त्या पानांत ऐकू आला. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या माणसानं लिहिलेलं ते पान. पाणी लांबलं की गाव कसं वागतं हे त्याला ठाऊक होतं, एवढं मला पुरेसं होतं.

पहिली दीडशे पानं

पहिल्या भागाचं नाव ‘द आय ऑफ द वर्ल्ड’. त्रेपन्न प्रकरणं, पेपरबॅकमध्ये आठशेच्या आसपास पानं. त्याआधी एक प्रोलॉग आहे. तो गोष्टीच्या तीन हजार वर्षं आधीचा आहे. एका उद्ध्वस्त महालात वेड लागलेला एक माणूस आपल्या बायकोला हाका मारत फिरतो आहे. तो कोण, वेड कशानं लागलं, समोर आलेला दुसरा कोण, हे तुम्हाला कळणार नाही. कळायचंच नाही. एकदा वाचा, लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका आणि पुढे चला. पहिला भाग संपला की मात्र तीच पानं परत उघडा. मी जानेवारीच्या एका रात्री उघडली आणि त्या हाकांचा अर्थ लागला तेव्हा पाइप बदलायची वेळ होऊन गेली होती. पहिला भाग संपवल्याचं सर्वात मोठं देणं मला तरी ते वाटलं.

पहिली नऊ-दहा प्रकरणं गावातच जातात. ज्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलं आहे त्यांना इथं वाटेल की हे तर तेच: शांत गाव, पोरं, काळा स्वार, वाट दाखवायला आलेली परकी व्यक्ती. जॉर्डन यांनी सुरुवात मुद्दाम ओळखीची ठेवली होती आणि तसं त्यांनी सांगितलंही आहे. तेव्हा नक्कल म्हणून पुस्तक मिटू नका. जुन्या वाचकाला घराच्या अंगणातून उचलून बाहेर न्यायची ती रीत आहे. पाचव्या प्रकरणात रात्रीचा हल्ला होतो. दहाव्यात पोरं गाव सोडतात. विसाव्याच्या आसपास एका उजाड शहरातून पळताना सगळे पांगतात. तिथपर्यंत गोष्ट बहुतेक एकट्या रँडच्या डोळ्यांनी दिसते, तिथून पुढे वाटा फुटतात आणि पुस्तक स्वतःचं होतं. म्हणून माझा नियम असा: गाव सुटेपर्यंत मत बनवायचं नाही, पांगापांग होईपर्यंत पुस्तक सोडायचं नाही. त्यानंतरही मन लागलं नाही तर खुशाल सोडा. ही मालिका तुमच्यासाठी नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण माझी फसगत झाली होती. मालिकेत ‘ड्रॅगन’ हा शब्द सतत येतो, पण तो एका माणसाचा किताब आहे. आग ओकणाऱ्या सरड्याची वाट पाहू नका.

नावं आणि वही

मालिकेत अडीच हजारांहून जास्त नावं आहेत. आमच्या गावच्या मतदार यादीतही इतकी नाहीत. नावांपाशीच जास्त लोक सोडतात, म्हणून इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

शंभर पानी वही घ्या. नाव पहिल्यांदा आलं की लिहायचं नाही. दुसऱ्यांदा आलं तरी नाही. तिसऱ्यांदा आलं की लिहायचं. बहुतेक नावं तिसऱ्यांदा येतच नाहीत. सरायवाला, पहारेकरी, वाटेत भेटलेला गाडीवान असतात आणि मागं राहून जातात. पहिल्या भागात माझ्या वहीत फक्त एकतीस नावं झाली.

लिहायचं ते देवनागरीत. याचा फायदा मला करून पाहिल्यावरच समजला. इंग्रजीत Egwene-सारखं नाव डोळ्यानं नुसतं ओळखतो आपण, तोंडात ते बसत नाही, आणि जे तोंडात बसत नाही ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी शब्दसूची आहे, तिच्यात उच्चार दिलेले आहेत. ते पाहून एकदा ‘एग्वेन’, ‘नायनीव्ह’, ‘म्वारेन’, ‘आयझ सेडाय’ असं लिहून काढलं की नाव आपलं होतं. आपली लिपी जसं बोलावं तसं लिहिते, ती ताकद वापरा.

आणि अकारविल्हे लिहू नका, गावाप्रमाणे लिहा. आपल्याकडे माणूस ओळखायचा तर कोणाचा, कोणत्या गावचा असंच विचारतात ना? तसंच. एका पानावर रँडच्या गावची मंडळी. एका पानावर आयझ सेडाय, म्हणजे शक्ती वापरू शकणाऱ्या बायांचा संघ. त्यांचे रंगांप्रमाणे सात गट आहेत, त्याच्यासाठी पान मोकळं सोडा, पुढं भरत जातं. एक पान वाईटांचं. तेही लवकर भरतं.

शब्दसूची त्याच भागाची पाहायची, पुढच्या भागाची चुकूनही उघडायची नाही, तिथं मागच्या भागात काय झालं ते सरळ लिहिलेलं असतं. फोनवर नाव टाकून शोधायचं तर अजिबात नाही. मी चौथ्या भागात असताना एका बाईचं नाव टाकलं, आणि पूर्ण टाइप व्हायच्या आधीच खाली आलेल्या ओळीत तिचं पुढं काय होतं ते वाचायला मिळालं. आठ भागांनंतरची गोष्ट मला आठ भाग आधी कळली. त्या दिवसापासून मचाणावर जाताना फोनचा डेटा बंद.

प्रकरणाच्या डोक्यावर लहानसं चित्र असतं. बहुतेक जण ते सोडून देतात. ते पाहा. लांडग्याचं तोंड असेल तर पेरिनची, लोहाराकडे काम शिकणाऱ्या पोराची, बाजू असण्याची शक्यता जास्त. पुढच्या भागांत फासे दिसले की मॅट, रँडचा सोबती, आला. आठ दिवसांनी पुस्तक उघडलं तर या चित्रावरून आपण कुणासोबत आहोत हे लगेच आठवतं.

दोन कल्पना, ज्या आपल्याला सोप्या जातात

इंग्रजी वाचकांना जे समजावून घ्यावं लागतं त्यातलं काही आपल्याकडे आजीच्या मांडीवरच मिळालेलं असतं. काळ हे चाक आहे, युगं येतात, जातात आणि परत येतात. इथं त्या चाकाला सात आरे आहेत, सात युगं. आपण चार मोजतो, एवढाच फरक. शाळेच्या सहलीत मी सेवाग्रामला चरखा पाहिला होता आणि वाचताना डोळ्यासमोर तोच यायचा, पण हे चाक सूत कातत नाही, ते विणतं. एकेक माणूस म्हणजे एकेक धागा, आणि सगळ्यांची मिळून वीण. काही धागे असे असतात की आजूबाजूचे धागे त्यांच्याकडे ओढले जातात. रँड, मॅट आणि पेरिन तसे आहेत. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे सांगायला वेळ लागू नये.

दुसरी कल्पना शक्तीची. जग चालवणाऱ्या शक्तीचे दोन भाग, एक बायांचा, एक पुरुषांचा. पुरुषांचा भाग फार पूर्वी नासवला गेला. त्यामुळे जो पुरुष ती वापरतो तो उशिरा का होईना वेडा होतो. प्रोलॉगमधलं वेड ते हेच. म्हणून या जगात शक्ती बायांच्या हाती आहे, राजे त्यांच्यापुढं दबकून असतात, आणि तसा एखादा पोरगा सापडला तर गाव हादरतं. रँडच्या गावातसुद्धा पुरुषांची एक समिती आहे आणि बायांचं एक मंडळ, आणि शेवटचा शब्द कुणाचा यावर कायमची ओढाताण. माझ्या बायकोनं पुस्तक वाचलेलं नाही, पण मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मंग त्याच्यात नवीन काय हाय? बचत गटाच्या मीटिंगले येऊन बसा एक दिवस.” एवढी दोन सूत्रं हातात ठेवा. बाकीचं गोष्ट स्वतः सांगत जाते.

इंग्रजी, कागद आणि कान

मी इंग्रजीतूनच वाचली. मराठी माध्यमातल्या माणसाला ते जमतं, कारण जॉर्डन यांची वाक्यं सरळ आहेत. शब्द अडतात ते कपड्यांच्या आणि घराच्या वर्णनात. झालर, गळपट्टी, बाह्यांवरचं भरतकाम यावर त्यांचा जीव आहे. तिथं शब्दकोश उघडायचा नाही, नुसतं पुढं जायचं. पानात तीनपेक्षा जास्त शब्द अडले आणि त्याशिवाय प्रसंग समजत नसेल तरच पाहायचं.

पहिला भाग मी नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुना घेतला होता. घरी ठीक, पण थंडीत एका हातानं ते जाड पुस्तक धरवत नाही आणि हेडलॅम्प लावला की सगळे किडे तोंडावर येतात. दुसऱ्या भागापासून किंडल घेतलं. मंद पिवळा उजेड ठेवला की किडे कमी येतात आणि एकदा चार्ज केलं की लाईनच्या भरवशावर राहावं लागत नाही. त्यात एकच उणीव, नकाशा बारीक दिसतो. तो मी आर्णीला झेरॉक्सच्या दुकानात मोठा छापून घेतला आणि वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला. कुणी गावाचं नाव घेतलं की बोट ठेवून पाहायचं. दोन भागांनंतर नकाशा पाठ होतो.

ऐकायचंही साधन आहे. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोनं चौदाही भाग वाचले आहेत. पुरुषाच्या नजरेतलं प्रकरण तो वाचतो, बाईच्या नजरेतलं ती. पहिला भागच तीस तासांच्या आसपास आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की मी एका कानात हे लावून ओळीत चालायचो. पण आधी ते प्रकरण डोळ्यानं वाचलेलं असावं, मग कानानं. उलट केलं तर नावं निसटतात.

२०२१ ते २०२५ या काळात तीन सीझनची वेब मालिकाही आली आणि तिथंच थांबली. पाहायची तर पुस्तकं चार भागांपुढं गेल्यावर पाहा. पात्रांच्या आयुष्यात बरेच बदल केलेले आहेत, आधी पाहिली तर पुस्तक वाचताना दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

कुठं थांबायचं, कुठं घसरायचं नाही

ज्याच्या घरी हंगाम आहे त्यानं हंगामाप्रमाणे वाचावं. मी मृगाच्या आत चालू भाग संपवायचो आणि पेरणी, डवरणी, निंदण होईपर्यंत पुढचा उघडायचो नाही. पोळ्यानंतर परत. अर्धा भाग सोडून दोन महिने गेले की सगळं पुसून जातं, पण पूर्ण भाग संपवून सोडला तर काही बिघडत नाही. पहिल्या भागाला स्वतःचा शेवट आहे. तिसऱ्यानंतरही श्वास घेता येतो. परत सुरू करताना मागच्या भागाची शेवटची दोन प्रकरणं आणि आपली वही वाचायची. एक संध्याकाळ पुरते.

चौथा भाग, ‘द शॅडो रायझिंग’, घाईत वाचू नका. त्यात मधोमध दोन प्रकरणं अशी आहेत जिथं रँडला एका जमातीचा इतिहास तिच्या पूर्वजांच्या डोळ्यांतून दिसतो, आणि तोही उलट: आधी नातू, मग आजा, मग पणजोबा. आमच्याकडे पूर्वी भाट यायचे, पोथी उघडून पिढ्या सांगायचे. बाबा त्यांच्यासमोर बसून खापरपणजोबांच्या नावाला मान खाली घालायचे. त्या प्रकरणांत मला तेच दृश्य दिसलं. पिढी मागं जाते तसं आत्ताच्या माणसांच्या एकेका रूढीचं कारण उघडत जातं, आणि काही कारणं अशी आहेत की ती माणसं ती ऐकूही शकणार नाहीत. मी अख्ख्या मालिकेत इतकं काही दुसरं मानत नाही. ती दोन प्रकरणं एका बैठकीत वाचता येतील अशी रात्र निवडा.

आठव्या भागापासून मालिका मंदावते. दहावा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, सर्वात जड. नवव्याच्या शेवटी एक मोठी घटना घडते, आणि दहाव्यात वेगवेगळ्या माणसांना आपापल्या जागेवरून तीच घटना घडताना जाणवत असते. काळ पुढं सरकतच नाही. इथं पुष्कळ लोक मालिका सोडतात आणि मला ते पटत नाही, कारण अकराव्या भागात सगळं परत धावायला लागतं. या टप्प्यात मी रोजचा अर्धा तास वीस मिनिटांवर आणला, पेरिनची काही प्रकरणं कानानंच ऐकली, आणि पानं गाळली नाहीत. मधूनच जाडसर पुस्तकाचा कंटाळा आला तर दुसरं काही वाचा, मराठी वाचा. मी त्या उन्हाळ्यात ‘वीरधवल’ परत काढला होता. ‘न्यू स्प्रिंग’ नावाचा आधीच्या काळातला एक लहान भाग आहे, २००४चा. तो क्रमानं आधीचा म्हणून आधी वाचू नका. दहाव्यानंतर वाचा, तिथं तो विसावा देतो.

अकरावा भाग २००५ला आला. १६ सप्टेंबर २००७ला जॉर्डन गेले. हृदयाचा दुर्धर आजार होता आणि शेवट कसा करायचा याची टिपणं त्यांनी मागं ठेवली होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि शेवटचे तीन भाग सँडरसन यांनी पूर्ण केले. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली आणि ती मुलानं पुरी केली, हे आपण ऐकलेलं असतं. बारावा भाग उघडताना ते मनात ठेवा. हात बदललेला कळतो. वाक्यं आखूड होतात, प्रसंग पटापट येतात, आणि मॅटचं बोलणं सुरुवातीला वेगळंच लागतं. मला पन्नास पानं सवय व्हायला लागली. चौदाव्या भागातला अगदी शेवटचा प्रसंग मात्र जॉर्डन यांनी स्वतः लिहून ठेवलेला आहे. तिथं पोचाल तेव्हा हे माहीत असू द्या, आणि हळू वाचा.

माझी मुलगी अकरावीला आहे. यंदाच्या दिवाळीत तिनं कपाटातून सीताबर्डीवालं जुनं पुस्तक काढलं आणि माझी वही मागितली. ती सध्या बाराव्या प्रकरणात आहे. रोज संध्याकाळी मी वावरात निघालो की फक्त एकच विचारते, “बाबा, बेला घोडीले तं काही होत नाही ना?” मी सांगत नाही. वही दिली आहे, पण पहिल्या भागाची पानं सोडून बाकीची स्टेपलरनं बंद करून.